पाचवा फाउल

सिंगापुरात, आमच्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये छोट्या खोलीच्या दाराला, वरच्या चौकटीवर, भांडी घासायच्या स्पंजचा एक तुकडा चिकटवलेला आहे. त्याला आता बारा वर्षं झाली. पिवळी बाजू पिवळी राहिलेली नाही, हिरव्या बाजूचा भुगा पडतो, पण तो कुणी काढत नाही. पाहुणे विचारतात, हे काय? मग मी खुलतो. सांगतो, इथे आमचा रामटेके राहायचा, सहा फूट चार इंच, बास्केटबॉल खेळणं हाच त्याचा पोटापाण्याचा धंदा. पहिल्याच आठवड्यात त्याने तीनदा डोकं आपटलं, तेव्हा माझ्या बायकोने, मेधाने, स्टुलावर चढून हा स्पंज लावला. पाहुणे हसतात. मी आणखी दोन किस्से सांगतो, तोवर चहा होतो. एक गोष्ट मात्र मी कधीच सांगत नाही, आणि ती टाळता यावी म्हणूनच बाकीचे किस्से इतके रंगवून सांगतो, हे मला अलीकडे कळायला लागलंय.

तो आला ओळखीच्या ओळखीतून. आम्हाला एक खोली भाड्याने द्यायची होती, मराठी माणूस मिळाला तर बरं, एवढंच मनात होतं. फोन आला. "नमस्कार भाऊ, नितीन रामटेके बोलतो, नागपूरचा. तुमच्या इथी पलंग केवढा आहे?" मी म्हटलं, हा कोण विक्षिप्त, खोली सोडून पलंगाची चौकशी करतोय. दारात उभा राहिला तेव्हा उलगडा झाला. पलंग अर्थातच पुरला नाही. दोन वर्षं तो तिरका झोपला, पण त्यावरून एकदाही कुरकुरला नाही.

व्यावसायिक खेळाडू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जे काही येतं, त्यातलं रामटेकेकडे काहीही नव्हतं. नागपुरात तो एका सरकारी खात्याच्या टीमकडून खेळला. नोकरी कायम होईल होईल म्हणता म्हणता टीमच मोडली. मग मलेशियात इपोहला एक सीझन. मग थायलंडमधल्या कुठल्याशा गावात अर्धा, कारण उरलेल्या अर्ध्यात मालक गायब. आणि मग सिंगापूर. इथे दुसऱ्या फळीच्या लीगमधल्या एका लहानशा क्लबला एक परदेशी खेळाडू घ्यायची परवानगी होती, आणि नावाजलेला कुणी त्यांच्याकडे येणार नव्हता. क्लबचा मालक हार्डवेअरचा व्यापारी. त्यामुळे रामटेके सकाळी त्याच्या गोदामात काम करायचा आणि संध्याकाळी त्याच्या टीममध्ये खेळायचा. "गोदामात माह्यी किंमत जास्त आहे," तो म्हणायचा. "वरच्या फळीवरचं खोकं काढाले त्याइले शिडी लागत नाही."

कोर्टावर तो काय करायचा हे समजावून सांगणं जरा अवघड आहे, कारण जे करायचा ते दिसायचंच नाही. तो बास्केट फारशा टाकत नसे. त्याचं काम स्क्रीनचं. म्हणजे आपला नेमबाज पळत असतो, त्याच्या मागे प्रतिस्पर्धी लागलेला असतो, त्या प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत जाऊन नुसतं उभं राहायचं. हलायचं नाही. तो धाडकन येऊन छातीवर आदळतो, आणि तेवढ्यात आपला नेमबाज मोकळा होऊन बॉल टाकतो. टाळ्या नेमबाजाला मिळतात. रामटेके बरगड्या चोळत परत धावायला लागलेला असतो. त्याला कुणी विचारलं, तुमची पोझिशन कोणती, तर म्हणायचा, "आपलं काम उभं राहायचं." त्या वेळी तो एकतीसचा होता. त्या फळीत या वयाला म्हातारा म्हणतात.

आणि त्याची ती बोटं. बास्केटबॉलमध्ये एका खेळाडूचे पाच फाउल झाले की तो त्या मॅचमधून बाद, पुन्हा आत यायचं नाही. रामटेके स्वतःचे फाउल डाव्या हाताच्या बोटांवर मोजायचा. पहिला झाला की करंगळी मिटायची, दुसऱ्याला अनामिका, आणि मिटलेली बोटं तशीच मिटलेली ठेवून तो खेळायचा. बॉल पकडताना हात उघडायचा, पुन्हा धावताना बोटं आपोआप जागेवर. नागपूरच्या त्याच्या पहिल्या कोचने ही सवय लावली होती. "उंच माणसाची शिट्टी आधी वाजते," तो कोच म्हणायचा, "म्हणून आपला हिशेब आपल्या हातात ठेवायचा." चार बोटं मिटली आणि अंगठा तेवढा उघडा राहिला की रामटेके वेगळाच खेळायचा, सावध, हात वर करून, कुणाला धक्का लागणार नाही असा.

ही मोजणी त्याने आमच्या घरातही आणली. आमची सई तेव्हा सहा वर्षांची. तिने दूध सांडलं की हा डायनिंग टेबलवरून गंभीरपणे करंगळी मिटून दाखवायचा. पाचवा फाउल झाला की सई बाद, म्हणजे दहा मिनिटं आपल्या खोलीत. सईला हे इतकं आवडलं की ती आमचेही फाउल मोजायला लागली. मेधाने आमटीत दोनदा मीठ घातलं, एक. बाबांनी फोन बघत जेवण केलं, दोन. मी हुज्जत घालायला लागलो की इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "कॅनॉट ला, बाबा. टेके अंकल सॉ." आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूवर कपडे वाळत घालायचे, त्यात त्याचा बारा नंबरचा बनियन असायचा, शेजारच्या दोन शर्टांएवढा रुंद. सईच्या शाळेतली मुलं खालून त्या बारावरून आमचं घर ओळखायची.

आता माझ्याविषयी थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी तांजोंग पगारला एका वित्तसंस्थेत कम्प्लायन्समध्ये आहे. लोकांनी नियम पाळले की नाही हे बघणं हे माझं काम. नव्या लोकांना मी वर्षातून चारदा प्रशिक्षण देतो, त्यातली एक स्लाइड माझी अगदी लाडकी: चूक झाली तर त्याच दिवशी सांगा, चुकीपेक्षा चूक लपवणं मोठं. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणेन. कॉलेजात पुण्याला मी थोडं बास्केटबॉल खेळलो होतो, म्हणजे मुख्यतः बाकावर बसलो होतो. त्याची हौस म्हणून इथे शनिवार-रविवारी टेबलवर बसायला शिकलो. टेबल म्हणजे कोर्टाच्या कडेचं ते अधिकृत टेबल, जिथे स्कोअरशीट लिहितात. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे पाच चौकटी. फाउल झाला की पंच बोटांनी खेळाडूचा नंबर दाखवतो आणि स्कोअरर त्या ओळीतली पुढची चौकट भरतो. कागदावर जे लिहिलं जातं तेच खरं. माझ्यासारख्या माणसाला याहून सुखाचं आसन नव्हतं.

रामटेकेच्या टीमच्या मॅचला मी त्या आसनावर बसायला नको होतं. आम्ही एका घरात राहतो हे लीगला कळवायला हवं होतं. हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू, मी दुसऱ्यांना हेच शिकवून पगार घेतो. पण कळवलं असतं तर त्याच्या मॅच मला मिळाल्या नसत्या, आणि मला त्या बघायच्या होत्या तेही टेबलवरून, सगळ्यांत जवळून. मी मनाशी म्हटलं, कुणाचं काय बिघडतंय.

त्याच्या बाबतीत माझं हे असंच चालायचं. एका रविवारी इथल्या ओळखीच्या मराठी मंडळींनी एका कॉन्डोच्या हॉलमध्ये जेवण ठेवलं होतं. बँकांतले, सॉफ्टवेअरमधले, एकमेकांना पदं विचारत फिरणारे आम्ही सगळे. मी रामटेकेला घेऊन गेलो. कुणीतरी विचारलं, "हे काय करतात?" आणि रामटेके तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये आहेत." समोरच्याने समाधानाने मान हलवली. रामटेके माझ्याकडे बघून म्हणाला, "नाही हो. मी बॉल पकडतो. अन् सकाळी खोकी उचलतो." तिथे जरा हशा झाला, त्याला लोकांनी विनोद मानलं. परतताना बसमध्ये अगदी सरळ, हवापाणी विचारावं तसं त्याने विचारलं, "माह्यी लाज वाटते का भाऊ तुम्हाले?" मी म्हटलं, "छे रे, काहीतरीच काय." तो म्हणाला, "हाव. मंग ठीक." आणि त्यावर त्याचा खरंच विश्वास बसला. मी काही म्हटलं की त्याचा विश्वास बसायचा, हेच तर पुढे नडलं.

दुसऱ्या सीझनच्या शेवटाकडे त्याच्या क्लबचा कोच, लिम नावाचा अबोल गृहस्थ, त्याला एक गोष्ट सांगून गेला. टीम उपांत्य फेरीत गेली तर मालक पुढच्या वर्षी क्लब चालू ठेवायला तयार होता, आणि मग रामटेकेला आणखी एक सीझन आणि त्याबरोबर मदतनीस कोचचं काम मिळणार होतं. हळूहळू खेळणं कमी, शिकवणं जास्त. नाही गेली तर परदेशी खेळाडूची जागा बंद. म्हणजे इथे काम करायचा त्याचा पास रद्द, म्हणजे नागपूर. त्याने हे मेधाला स्वयंपाकघरात उभ्याउभ्या सांगितलं. "वहिनी, दहा वर्षं मी एकेका सीझनवर जगून राह्यलो. आता जर हे झालं ना, तर पहिल्यांदा मले पुढच्या वर्षीचं कॅलेंडर घेता येईल." मेधाने दुसऱ्याच दिवशी लिटिल इंडियातून गणपतीच्या चित्राचं एक कॅलेंडर आणलं, पुढच्या वर्षाचं. वर्ष संपायला तीन महिने होते, तरी तिला ते कुठून मिळालं कोण जाणे. त्याने ते गुंडाळलेलंच कपाटावर ठेवलं. म्हणाला, मॅच झाल्यावर उघडू.

उपांत्य फेरीचं ठरवणारी ती मॅच एका शाळेच्या हॉलमध्ये होती, शनिवारी दुपारी. प्रेक्षक म्हणजे खेळाडूंच्या घरचे, तीसेक माणसं. मेधाला काम होतं म्हणून सई माझ्याबरोबर आली होती, आता ती आठ वर्षांची होती. ती समोरच्या बाकावर बसून रामटेकेबरोबर बोटं मिटत होती. टेबलवर माझ्या मदतीला जो सहायक असायचा, जो फाउल झाला की आकड्याची पाटी वर धरतो, तो आजारी पडून आला नव्हता. मी म्हटलं, एकटा सांभाळतो. घाईत प्रत्येक वेळी पाटी वर धरायला जमत नव्हतं. चालवून घेतलं.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये रामटेकेच्याच टीमच्या तेरा नंबरने, वेई नावाच्या चपळ मुलाने, एकाला हाताने अडवलं. पंचाने शिट्टी मारली. नेमका त्याच झटापटीत रामटेके बाजूला आडवा पडला, खांद्यावर. मी उठून त्याच्याकडे बघत राहिलो. तो उठेना. मग उठला, खांदा फिरवला, हसला. माझा जीव भांड्यात पडला आणि मी बसून शीटवर खूण केली. नजर अजून त्याच्यावरच होती. खूण झाली बारा नंबरच्या ओळीत.

हे तेव्हा मला कळलं नाही, हे खरं आहे. इथवर माझी फक्त चूक होती.

शेवटची चार मिनिटं उरली होती. त्याची टीम तीन गुणांनी पुढे होती. रामटेकेची तीन बोटं मिटलेली. त्याने स्क्रीन लावला, समोरचा आदळला, पंचाला वाटलं हा हलला, आणि शिट्टी वाजली. बारा नंबर. त्याने तर्जनी मिटली. मी चौकट भरली आणि पाहिलं, ती ओळीतली शेवटची चौकट होती. हात आपोआप हॉर्नवर गेला. हॉर्न वाजला, म्हणजे पाच, म्हणजे खेळाडू बाद.

सगळे टेबलकडे वळले. रामटेकेने डावा हात वर केला, चार बोटं मिटलेली, अंगठा उघडा. वाद म्हणून नाही, नुसती माहिती दिल्यासारखा. कोच लिम बाकावरून अर्धा उठला. पंच टेबलशी आला आणि म्हणाला, "टेबल, फाइव्ह?"

मी शीट पाहिली. तेरा नंबरची ओळ कोरी होती. आणि कोरी कशी असेल? वेईचा फाउल मी स्वतः पाहिला होता. पंचाची बोटं डोळ्यांसमोर आली, तेरा दाखवणारी. मग रामटेके खांद्यावर पडलेला आठवला. मला सगळं कळलं. एका क्षणात, संपूर्ण, शंकेला जागा न ठेवता कळलं.

सॉरी, माझी चूक, तेराचा फाउल बारात लिहिला गेला. एवढंच म्हणायचं होतं. पंचाने शीट दुरुस्त केली असती, तशी सोय असते. पण माझ्या मागच्या खुर्चीवर लीगचे दोन पदाधिकारी बसले होते. मला पुढच्या महिन्यात टेबलच्या वरच्या पातळीच्या परीक्षेला बसायचं होतं. आणि त्यांनी विचारलं असतं, एवढं नक्की कसं आठवतं तुम्हाला? दुरुस्ती नेमकी बारा नंबरच्याच फायद्याची कशी? हा तुमचा कोण? मग निघालं असतं की हा माझ्या घरात राहतो आणि मी ते कळवलेलं नाही. हे सगळं माझ्या डोक्यातून त्या तीन-चार सेकंदांत गेलं, इतकं व्यवस्थित, इतकं मुद्देसूद, की मला आजही त्या मुद्देसूदपणाची किळस वाटते.

मी म्हणालो, "फाइव्ह. कन्फर्म्ड."

रामटेके टेबलापर्यंत चालत आला. घामाने निथळत होता. मराठीत, हळू आवाजात त्याने विचारलं, "भाऊ, किती?"

"पाच."

"पक्कं?"

"पक्कं."

त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. "माह्या हातात चार आहेत," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण तुम्ही म्हणता त पाच." आणि त्याने स्वतःच अंगठा आत मिटला. कोच लिमला त्याने मान हलवून खूण केली, ठीक आहे, टेबल बरोबर आहे. लिम खाली बसला. रामटेके बाकावर जाऊन टॉवेल डोक्यावर घेऊन बसला.

मॅच ते दोन गुणांनी हरले. त्याच्याशिवाय स्क्रीन लावणारा कुणी नव्हता, नेमबाज मोकळा होईना. मॅच संपल्यावर दोन्ही टीमनी टेबलशी येऊन हात मिळवायची पद्धत आहे. ओळीने सगळे आले. रामटेकेने माझा हात दोन्ही हातांत घेतला, नेहमीसारखा, आणि म्हणाला, "चाला, जेवाले चाला. पोट्टीले भूक लागली असन."

बसमध्ये सई माझ्या मांडीला लागून बसली होती, रामटेके पुढच्या सीटवर. ती माझ्या कानाशी म्हणाली, "बाबा, फोर ओन्ली. मी मोजले." मी म्हटलं, "तू नीट मोजले नसशील." तिने माझ्याकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे, आणि म्हणाली, "ओके ला." त्यानंतर तिने घरातले फाउल मोजणं बंद केलं. मेधा म्हणाली, मोठी झाली, कंटाळली. मी म्हटलं, हो, असेल.

पंधरा दिवसांत तो गेला. चांगी विमानतळाकडे निघताना त्याने स्पंजला हात लावला आणि मेधाला म्हणाला, "हा काढू नका वहिनी, मी परत येईन." कॅलेंडर कपाटावरच राहिलं. मी ते एका संध्याकाळी, घरात कुणी नसताना, खाली कचऱ्यात टाकून आलो. त्या पंधरा दिवसांत मी रोज त्याला सांगणार होतो. रोज सकाळी तो चहा करायचा, मला कप द्यायचा, आणि मी ऑफिसला निघून जायचो. वरच्या परीक्षेला मी बसलो आणि उत्तीर्णही झालो, पण पुन्हा टेबलवर बसलो नाही. लोकांना सांगितलं, पाठ दुखते. ती स्लाइड मात्र अजून दाखवतो. नोकरीचाच भाग आहे तो, पण दाखवताना मी पडद्याकडे बघत नाही.

भंडाऱ्याकडच्या एका शाळेत त्याला क्रीडाशिक्षकाची नोकरी लागली. दिवाळीला मेसेज यायचे, टीमच्या पोरांचे फोटो यायचे. आणि मग गेल्या महिन्यात फोन: शाळेच्या पोरांना घेऊन सहलीला सिंगापूरला येतोय, रविवारी दुपारी दोन-तीन तास मोकळे आहेत, वहिनीच्या हातची आमटी मिळेल का?

आला. पोट सुटलंय, केस मागे गेलेत, पण आपल्या जुन्या खोलीत डोकावताना उजवा हात आपोआप वर गेला आणि स्पंज चाचपून मगच तो वाकला. संत्रा बर्फीचे दोन डबे आणले होते. सई आता अठराची, पॉलिटेक्निकला आहे. तिला बघून तो म्हणाला, "अरे बाप रे, ही तर वहिनीच्याही वर गेली." जेवायला बसलो. सईनेच विचारलं, आधी हसत, "अंकल, स्टिल काउंटिंग?" आणि डावा हात वर करून करंगळी मिटली.

"नाही ग माय. ते त कधीच सोडलं." तो हसला. "तुले आठवते ती शेवटची मॅच? माह्या हातात चार, अन् कागदावर पाच. मी शपथेवर सांगितलं असतं चार म्हणून. तवा मले समजलं की दमल्यावर माणसाचं डोकं त्याच्याच बाजूनं मोजते. आता मी माह्या पोट्ट्याइले हेच शिकवतो. स्वतःच्या मोजणीवर जाऊ नका. मी गेलो असतो त भांडलो असतो, अन् खोटा पडलो असतो. टेबल म्हणते ते ऐका."

सई म्हणाली, "बट अंकल, चार होते. मी पण मोजले होते."

"नाही ग," तो समजावत म्हणाला. "पाचच होते. तुझे बाबा होते ना टेबलवर."

सईने माझ्याकडे पाहिलं. दहा वर्षांपूर्वी बसमध्ये पाहिलं होतं, अगदी तसंच पाहिलं. मेधाने विचारलं, कुणाला आणखी भात? मी म्हटलं, मला, आणि ताट पुढे केलं. ताटात भात आधीच होता.

तीन वाजता मी त्याला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो. ऊन रणरणत होतं. तो शाळेविषयी बोलत होता, सिमेंटचं कोर्ट करून घेतलंय, पोरी मुलांपेक्षा चांगल्या खेळतात वगैरे. मी ऐकत नव्हतो. बोर्डावर त्याची बस दोन मिनिटांवर दिसत होती. दोन मिनिटंच उरली होती म्हणून मला धीर झाला, हेही इथे लिहून ठेवतो. जास्त वेळ असता तर मी नसतो बोललो.

"रामटेके, चार होते."

कशाचे चार, असं त्याने विचारलं नाही.

"वेईचा फाउल मी तुझ्या ओळीत लिहिला. दुसऱ्या क्वार्टरमध्ये. तू पडला होतास, मी तुझ्याकडे बघत होतो."

"मंग ते चुकून झालं, भाऊ," तो लगेच म्हणाला. माझी बाजू घ्यायला तो तिथेही तयार होता. "कायले मनाले लावून घेता एवढं."

"चुकून नाही. पंच येऊन उभा राहिला तेव्हा मला कळलं होतं. तू येऊन विचारलंस, पक्कं का, तेव्हा मला माहीत होतं."

"तवाच?"

"तेव्हाच."

तो रस्त्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, माझं चुकलं, मला माफ कर, मला तेव्हापासून... असं काहीतरी म्हणत होतो, आणि मलाच ऐकवत नव्हतं. त्याने मला थांबवलं नाही आणि ऐकलंही नाही.

"मी त दहा वर्षं पोट्ट्याइले सांगून राह्यलो," तो म्हणाला, पण माझ्याशी नाही, "की माह्यं मोजणं चुकलं होतं."

बस आली. त्याने कार्ड लावलं, सवयीने मान वाकवली आणि खिडकीशी जाऊन बसला. मी काचेच्या बाहेर उभा होतो, अगदी हाताच्या अंतरावर. त्याने डावा हात मांडीवर उघडा ठेवला आणि सावकाश करंगळी मिटली. मग अनामिका. मग मधलं बोट, मग तर्जनी. अंगठा उघडा राहिला. बस हलली, वळणापर्यंत गेली, तोवर तो त्या अंगठ्याकडेच बघत होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.